हौशी साहेबांच्या चित्रवह्या

हैदराबादेतील जामबाग हा भाग मराठी माणसाला परका नाही. विवेकवर्धिनीसारखी संस्था विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथेच वाढीस लागली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने निजामाच्या राजवटीत मराठी शिक्षणाचा दिवा येथेच तेवत ठेवला. या जामबागेतून कोठीच्या दिशेने थोडे चालत गेले की एक भव्य पांढरी वास्तू लागते. सहा उंच करिंथियन खांबांची तिची देवडी, रुंद पायऱ्या आणि पायऱ्यांच्या दोन्ही अंगांस बसलेले सिंह पाहून पाहणारा क्षणभर थबकतो. ही जुनी ब्रिटिश रेसिडेन्सी होय. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हे कंपनी सरकारचे वकील असताना १८०३ च्या सुमारास तिच्या बांधकामास प्रारंभ झाला. पुढे १९४९ पासून तेथे मुलींचे महाविद्यालय नांदले.

रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले या मुंबई फौजेतील अधिकाऱ्याने १८१३ मध्ये या वास्तूचे चित्र काढले. ग्रिंडले हे काही पेशाने चितारी नव्हते. वयाच्या सतराव्या वर्षी ते कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले आणि १८२० पर्यंत त्यांनी लष्करी सेवा केली. विलायतेस परतल्यावर त्यांनी जी पेढी काढली, तीच पुढे ग्रिंडलेज बँक म्हणून नावारूपास आली. मात्र नोकरीच्या वर्षांत जेथे जेथे मुक्काम पडे, तेथे तेथे त्यांच्या हातात पेन्सिल असे. या रेखाटनांतून १८२६ ते १८३० या काळात पश्चिम हिंदुस्थानातील देखावे, पोशाख आणि वास्तू यांचा एक सुंदर चित्रसंग्रह छापून निघाला. वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद आणि हैदराबादची रेसिडेन्सी अशी स्थळे त्यात आहेत.

ग्रिंडले हे एकटेच असे नव्हते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जवळजवळ शंभर वर्षे कंपनीचे लष्करी अधिकारी, मुलकी कामगार, वकील आणि केवळ देश पाहण्यास आलेले धनिक प्रवासी यांनी हिंदुस्थानची असंख्य रेखाटने केली. त्यांतील बहुतेकांनी चित्रकलेवर पोट भरले नव्हते. चित्र काढणे हे त्यांच्या लेखी घोड्यावर बसण्याइतकेच किंवा पत्र लिहिण्याइतकेच सभ्य गृहस्थाचे लक्षण होते. या चित्रवह्यांकडे आज कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न केवळ कलेच्या इतिहासाचा नाही. आपल्या गावांचे, किल्ल्यांचे आणि नदीकाठांचे जुने रूप ज्या थोड्या साधनांतून कळते, त्यांत या वह्यांचा वाटा मोठा आहे. म्हणून त्या साक्षीदाराची पारख करून घेणे अगत्याचे ठरते.

एवढ्या लोकांना चित्र काढता कसे येत होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. त्याचे एक कारण लष्करी होते. छायाचित्राची कला १८३९ मध्ये जगापुढे आली. तोपर्यंत शत्रूचा किल्ला, नदीचा उतार, घाटाची चढण कागदावर आणण्यास हाताशिवाय दुसरे साधन नव्हते. म्हणून वुलिच येथील लष्करी विद्यालयात रेखाटन हा शिक्षणाचा भाग होता, आणि तेथे पॉल सँडबी यांच्यासारखा नामांकित जलरंग चित्रकार १७६८ पासून सुमारे अठ्ठावीस वर्षे मुख्य शिक्षक होता. कंपनी सरकारनेही ॲडिसकोंब येथे १८०९ मध्ये स्वतःची लष्करी पाठशाळा काढली आणि तेथील विद्यार्थ्यांना चित्रकलेचे धडे दिले. दुसरे कारण बाजारातले होते. विल्यम आणि टॉमस रीव्ह्ज या बंधूंनी जलरंगांच्या घट्ट वड्या तयार केल्या. त्याबद्दल १७८१ मध्ये लंडनच्या कलासंस्थेने त्यांचा गौरव केला. त्यापूर्वी रंग खलात घोटून तयार करावा लागे. आता वडी ओल्या कुंचल्याने पुसली की रंग तयार होई. लहानशी पेटी खोगिराच्या पिशवीत टाकावी, मुक्कामावर झाडाखाली बसावे आणि काम सुरू करावे, इतके ते सोपे झाले.

तिसरे कारण रुचीचे होते. विल्यम गिल्पिन नावाच्या एका धर्मोपदेशकाने इंग्लंडमधील नद्या आणि डोंगर कसे पाहावेत याविषयी पुस्तके लिहिली. त्याचे तीन निबंध १७९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि सुशिक्षित घरांत त्यांचा मोठा गवगवा झाला. निसर्गाचे दृश्य चित्रासारखे दिसले पाहिजे, त्यात खडबडीतपणा हवा, पडझड हवी, प्रकाश आणि छाया यांचा खेळ हवा, असे त्याचे म्हणणे होते. ही शिकवण मनात घेऊन आलेल्या तरुण अधिकाऱ्याला दख्खनचे पठार म्हणजे पर्वणीच वाटली. पडके बुरूज, वडाच्या पारंब्या, ओसाड मशिदी, काळ्या खडकांचे ढीग यांची येथे काय वाण!

या लोकांच्या कामाची रीत ठरलेली होती. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या थंड वेळी जागेवर बसून पेन्सिलीने मुख्य रेषा घ्यायच्या, त्यावर करड्या किंवा तपकिरी रंगाचा पातळ हात द्यायचा आणि कोठे कोणता रंग होता हे कागदाच्या कडेस लिहून ठेवायचे. पुढे पावसाळ्यात किंवा छावणीच्या निवांत दिवसांत त्यावरून पुरे चित्र तयार करायचे. जेम्स फोर्ब्स या गृहस्थाचा या कामातील उद्योग थक्क करणारा आहे. १७६५ मध्ये अवघ्या सोळाव्या वर्षी तो कंपनीचा कारकून म्हणून मुंबईस निघाला. १७७५ मध्ये रघुनाथराव पेशव्यांच्या मदतीस इंग्रजांची जी फौज गुजरातेत उतरली, तिच्यासमवेत तो चिटणीस म्हणून हिंडला. पक्षी, फुले, माणसे, देवळे, जे दिसेल ते तो लिहीत आणि रेखाटत गेला. १७८४ मध्ये तो मायदेशी परतला तेव्हा त्याच्याजवळ हस्तलिखितांचा प्रचंड संग्रह होता. त्यातून निवडून त्याने १८१३ मध्ये चार खंडांत आपल्या आठवणी छापल्या. मराठी राज्याच्या त्या दुर्दैवी यादवीचा एक साक्षीदार असा चित्रवही घेऊन छावणीत बसलेला होता, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पण चित्रवहीतले रेखाटन आणि छापील पुस्तकातले चित्र यांत मोठे अंतर असे. अधिकाऱ्याचे कच्चे काम लंडनला गेले म्हणजे तेथील व्यावसायिक चित्रकार ते नव्याने काढीत. त्यावरून तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कोरीवकाम होई आणि मग छपाई. शाही आरमारातील रॉबर्ट इलियट या अधिकाऱ्याची रेखाटने १८३० ते १८३३ या काळात अशीच प्रसिद्ध झाली. त्यांत विजापूर आणि वेरूळ आहे. ती ज्यांनी फिरून रंगविली, त्या सॅम्युएल प्राउट आणि क्लार्कसन स्टॅनफील्ड यांनी हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवले नव्हते. लेटिशिया लँडन ही त्या काळची लोकप्रिय कवयित्री अशा चित्रांवरून कविता लिही, आणि तीही हिंदुस्थानास कधी आली नाही. एकाने पाहिलेले दृश्य दुसऱ्याने सुधारले, तिसऱ्याने कोरले आणि चौथीने त्यावर काव्य केले. इतक्या हातांतून गेल्यावर मूळ विजापूर त्यात किती उरले असेल, याचा विचार जुने चित्र पाहताना केलाच पाहिजे.

दुसरा दोष दृष्टीचा होता. चित्र सुंदर दिसावे म्हणून पुढच्या बाजूस एखादे झाड नसले तरी उभे करावे, कोपऱ्यात उंटवाला बसवावा, घुमटावर दोन रोपटी अधिक उगवावीत, हे सर्रास चाले. याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय काढावे याची निवड. या वह्यांत पडक्या थडग्यांची गर्दी आहे. पण नांदती पेठ, सावकाराची पेढी, कोष्ट्याचा माग किंवा शाळेतील पंतोजी क्वचितच दिसतो. सारा देश जणू भग्नावशेषांचा आहे आणि त्यात जिवंत असे काही उरलेले नाही, असा समज विलायतेतील वाचकाचा झाला असेल तर नवल नाही. जो देश मोडकळीस आलेला दिसतो, त्यावर राज्य करणे म्हणजे उपकारच, असे मानणे सोपे जाते.

शिवाय काही गोष्टी या साहेबांच्या नजरेस पडणेच शक्य नव्हते. कोठीच्या रेसिडेन्सीचेच उदाहरण घ्यावे. ग्रिंडले यांनी इमारतीची दर्शनी बाजू काढली. त्याच आवारात कर्कपॅट्रिक यांनी आपली पत्नी खैरुन्निसा बेगम हिच्यासाठी मोगली पद्धतीचा रंगमहाल बांधला होता. हैदराबादच्या एका खानदानी घराण्यातील ही मुलगी आणि कंपनीचा वकील यांचा विवाह हा त्या काळी दोन्ही समाजांत खळबळ उडविणारा प्रसंग होता. रंगमहाल जनान्याचा. तेथे परपुरुषाला प्रवेश नव्हता, मग चित्रवहीला कोठून असणार? पुढे एकोणिसाव्या शतकातच तो महाल पाडण्यात आला. खांबांची देवडी चित्रातही आहे आणि प्रत्यक्षातही उभी आहे. त्या संसाराची वास्तू मात्र गेली, आणि तिचे चित्र कोणा प्रवाशाच्या हातून उतरले नाही.

आता या कामात एतद्देशीयांचा हात किती होता, हेही पाहणे न्यायाचे होईल. पुण्यास सर चार्ल्स मॅलेट हे १७८६ पासून इंग्रजांचे वकील होते. त्यांना वेरूळच्या लेण्यांचे मोठे कुतूहल. त्यांनी पुण्यातील गंगाराम चिंतामण तांबट या कलावंताकडून लेण्यांची रेखाटने करून घेतली. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला, तेव्हा गंगाराम त्याच्याही हाताखाली काम करू लागले. सवाई माधवरावांच्या दरबाराच्या आश्रयाने पुण्यात चित्रकलेची शाळा चालली, तिच्याशीही त्यांचे नाव जोडले जाते. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंडा, बैरागी, लेण्यांतील मूर्ती असे त्यांचे विषय आहेत. पाश्चात्त्यांची छायाप्रकाशाची रीत त्यांनी उचलली, पण रेषेतला देशी ठसा सोडला नाही. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनिएल यांनी १८०३ मध्ये वेरूळचा जो मोठा चित्रसंग्रह काढला, त्याच्या शीर्षकपृष्ठावर वेल्स आणि डॅनिएल यांची नावे आहेत. गंगाराम यांचे नाव तेथे नाही. त्यांची अनेक चित्रे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात जाऊन राहिली आणि बऱ्याच उशिरा अभ्यासकांनी त्यांची ओळख पटविली. पुण्याच्या या तांबटाचे नाव आज किती पुणेकरांना ठाऊक असेल?

एवढे सारे दोष सांगून झाले तरी या साहेबांना एकाच मापाने मोजणे बरोबर होणार नाही. त्यांच्यात दोन जाती होत्या. एक वाटसरूची आणि दुसरी रहिवाशाची. वाटसरू देखावा पाहतो, रहिवासी देश पाहतो. दुसऱ्या जातीचा उत्तम नमुना म्हणजे फिलिप मेडोज टेलर. लिव्हरपूल येथे १८०८ मध्ये जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षी मुंबईस एका व्यापाऱ्याच्या पेढीवर आला आणि १८२४ अखेर निजामाच्या फौजेत दाखल झाला. त्याचे लग्न हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांच्या मुलीशी झाले. या पामरांची आई हिंदुस्थानी, वडील जनरल पामर काही काळ पुणे दरबारी इंग्रजांचे वकील, आणि त्यांची कोठी याच रेसिडेन्सीच्या परिसरात. त्या घरी टेलर यांना हिंदुस्थान आतून पाहावयास मिळाला. त्यांनी भाषा शिकून घेतल्या, कायदा शिकून घेतला, आणि चित्रकलाही बहुतांशी स्वतःच्या उद्योगाने साधली. १८३७ मध्ये त्यांच्या दख्खनमधील रेखाटनांचे पुस्तक लंडनमध्ये निघाले. ठगाची कबुली या त्यांच्या प्रसिद्ध कादंबरीच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

पुढे सुरपूर संस्थानचा कारभार त्यांनी दहा-बारा वर्षे पाहिला. तेथील बालराजा त्यांना अप्पा म्हणे. १८५३ च्या तहानंतर नळदुर्ग जिल्हा त्यांच्याकडे आला. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हा मराठी मुलूख. बोरी नदीवरचा तो किल्ला आणि तुळजापूरची भवानी यांचा त्यांच्या मनावर इतका परिणाम झाला की तारा ही १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची कादंबरी त्याच परिसरात घडते. पण त्यांच्या पेन्सिलीचे खरे मोल निराळ्याच ठिकाणी दिसले. सुरपूर आणि जेवर्गी भागात प्राचीन काळची दगडी वर्तुळे आणि थडगी आहेत. टेलर यांनी त्यांतील काही खणली. बहुतेकजण आतील भांडी बाहेर काढून थांबले असते. यांनी खड्ड्याच्या भिंतीचे रेखाटन केले. वर कोणत्या मातीचा थर, त्याखाली कोणता, हाडे कोणत्या पातळीवर, भांडी कोठे, हे त्यात जसेच्या तसे दाखविले. शंभर वर्षांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्यासारख्या पुराणवस्तुशास्त्राच्या आचार्याने या रेखाटनाची वाखाणणी केली. येथे सुशोभित झाड नाही, उंटवाला नाही, सूर्यास्त नाही. जे आहे तेवढेच काढण्याचा निश्चय मात्र आहे. करमणुकीसाठी सुरू झालेला छंद शास्त्राच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचला तो असा.

दुसरे नाव रॉबर्ट गिल यांचे. मद्रास फौजेतील हे अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्यास गेले. लेण्यांतील भित्तिचित्रे नष्ट होत आहेत, त्यांच्या नकला करून घ्याव्यात, अशी विनंती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने कंपनी सरकारला केली होती. तेव्हा अजिंठा निजामाच्या राज्यात होता. वस्ती विरळ, जंगल दाट, लेण्यांत अंधार आणि वटवाघळे. अशा ठिकाणी गिल यांनी वर्षानुवर्षे काढली. त्यांची सहचारिणी पारो ही तेथलीच. ती १८५६ मध्ये वारली आणि तिची कबर अजिंठा गावात आहे. गिल यांनी केलेल्या मोठमोठ्या नकला विलायतेस रवाना झाल्या आणि सिडनहॅमच्या स्फटिकप्रासादात प्रदर्शनास मांडण्यात आल्या. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि त्या जवळजवळ सर्व भस्मसात झाल्या. कित्येक वर्षांची मेहनत काही तासांत संपली. गिल १८७९ मध्ये भुसावळ येथे निवर्तले. लेण्यांतील रंग दरम्यान आणखी झिजत गेले. मूळही झिजले आणि नक्कलही जळाली, असा हा दुहेरी तोटा झाला.

याच सुमारास हातातील पेन्सिलीची सद्दी संपत आली होती. गिल यांनी स्वतःच कॅमेरा हाती घेतला, आणि १८६४ मध्ये त्यांनी काढलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली. टेलर यांनी १८६६ मध्ये विजापूरच्या वास्तूंवरील ज्या ग्रंथासाठी मजकूर लिहिला, त्यातही छायाचित्रे होती. जे काम करण्यास एक सकाळ लागे, ते काम काचेची एक पाटी करू लागली. यात फायदा झाला तसे नुकसानही झाले. चित्र काढणाऱ्याला प्रत्येक कमानीकडे दहा वेळा पाहावे लागे. कमान किती वाकली आहे, सावली कोठे पडली आहे, हे हातातून उतरल्याशिवाय कागदावर येत नसे. पाहण्याची ही सक्ती यंत्राने काढून घेतली.

मराठी प्रवाशांनी त्या काळात चित्रवही का बाळगली नाही, असा प्रश्न येथे सहज मनात येतो. पाहण्याची शक्ती त्यांच्याजवळ नव्हती असे मुळीच नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेस गेले आणि झाशीचा वेढा प्रत्यक्ष पाहून परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील वर्णने इतकी नेमकी आहेत की वाचकाला गल्लीबोळ डोळ्यांपुढे दिसावेत. पण लिहिणाऱ्याचा हात आणि चित्र काढणाऱ्याचा हात यांची आपल्याकडे फारकत झालेली होती. चित्र काढणे हे कारागिराचे काम, पोथी लिहिणे हे भटाचे. एकाच माणसाने दोन्ही करावे, ही रीत नव्हती. ती रीत पुढे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी पाडून दाखविली. हा राजा स्वतः कुंचला चालवी, अजिंठ्यास चित्रकार नेऊन नकला करवून घेई, आणि १९३२ मध्ये त्याने अजिंठ्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले.

या साऱ्याचे महत्त्व हैदराबादकरांना निराळे समजावून सांगावयास नको. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. जामबाग आणि कोठीपासून ती फार दूर नाही. त्या एका दिवसात हजारो माणसे मरण पावली, मोहल्लेच्या मोहल्ले वाहून गेले आणि पूल खचले. पुढे विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव बांधून नदीला आवर घालण्यात आला. पण जे वाडे आणि ज्या गल्ल्या वाहून गेल्या, त्यांतील कितींची चित्रे मागे राहिली? प्रवासी साहेबांनी मकबरे काढले होते, रेसिडेन्सी काढली होती. सामान्य माणसाच्या दारापुढचा कट्टा कोणी काढला नव्हता, कारण त्यात त्यांना चित्रासारखे काही दिसले नाही. आणि ज्यांना तो कट्टा प्रिय होता, त्यांच्या हातात पेन्सिल नव्हती.

म्हणून या चित्रवह्यांचा आदर करावा, पण त्यांतील प्रत्येक रेषेस वेदवाक्य मानू नये. चित्र कोणी काढले, कोठे बसून काढले, ते नंतर कोणी सुधारले, आणि त्यात काय नाही, हे चार प्रश्न विचारले म्हणजे साक्षीदार बरेचसे खरे बोलू लागतो. आणि त्यांच्यापासून एक गोष्ट मात्र खुशाल उचलावी. रविवारच्या सकाळी विवेकवर्धिनीच्या परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याने वही घेऊन समोरच्या जुन्या घराची खिडकी, तिची कमान, तिच्यावरचा लाकडी छज्जा शांतपणे काढावा. चित्र चांगले साधलेच पाहिजे असे नाही. वहीच्या कोपऱ्यात स्थळ आणि तारीख मात्र जरूर लिहावी. पन्नास वर्षांनी ती खिडकी जागेवर नसेल, तेव्हा तिची साक्ष देण्यास परक्या प्रवाशाची वाट पाहावी लागणार नाही.